'कलर'मधला 'यू' कुणी खाल्ला?

गेल्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून आमच्याकडे मिशिगनला आले. पहिल्याच आठवड्यात नातीची शाळेची वही त्यांच्या हाती लागली आणि 'कलर'च्या स्पेलिंगभोवती लाल गोल पडला. आयुष्यभर हायस्कुलात इंग्रजी शिकवलेला माणूस, गाळलेला 'यू' कसा खपवून घेणार? पोरगी रडवेली. मी मधल्यामध्ये, कारण माझं दोन्हीकडे चालतं. बाबांना मेल लिहिताना 'यू' घालतो. कोडमध्ये घातला तर वेबपेजला रंगच येत नाही.

हा 'यू' घालवणारा माणूस म्हणजे नोआ वेब्स्टर. 1758 मध्ये कनेक्टिकटमध्ये शेतकऱ्याच्या घरी जन्मला. पोरगा हुशार म्हणून वडिलांनी शेत गहाण टाकलं आणि त्याला येल कॉलेजात पाठवलं. 1778 मध्ये तो पदवी घेऊन परतला, तेव्हा स्वातंत्र्ययुद्ध ऐन भरात होतं. वडिलांनी हातावर आठ डॉलरची नोट ठेवली, तीही किंमत घसरलेली, आणि यापुढे तुझं तू बघ म्हणून सांगितलं.

पोटासाठी तो मास्तर झाला. राजाविरुद्ध लढणाऱ्या देशातली पोरं स्पेलिंग शिकत होती ती इंग्लंडहून आलेल्या पुस्तकातून, इंग्लंडमधल्या गावांची नावं घोकत. वेब्स्टरला हे खटकलं. 1783 मध्ये त्यानं स्वतःचं पुस्तक काढलं, त्यात अमेरिकेतली गावं घातली. निळ्या पुठ्ठ्याचं हे पुस्तक घराघरांत गेलं, लाखोंनी खपलं. कुणीही छापून विकू नये म्हणून हा पठ्ठ्या एकेका राज्याच्या राजधानीत जाऊन कॉपीराइटचा कायदा करा म्हणून मागे लागला.

गंमत म्हणजे तेव्हा तो 'यू'च्या बाजूचा होता! पुढे मात्र बेंजामिन फ्रँकलिनच्या सहवासात मत फिरलं. देश वेगळा तर भाषाही वेगळी दिसली पाहिजे, असं त्यानं 1789 च्या पुस्तकात मांडलं. मग 'कलर' आणि 'ऑनर'मधला 'यू' गेला, 'म्युझिक'च्या शेपटीचा 'के' गेला, 'सेंटर'ची शेवटची दोन अक्षरं उलटी झाली. सगळंच काही चाललं नाही. जिभेला 'टंग' म्हणतात तर टी-यू-एन-जी लिहा, 'विमेन'मध्ये 'ओ' कशाला, हे लोकांनी हसण्यावारी नेलं. डोळ्यांना फार न खुपणारे बदल तेवढे टिकले, आणि तेही पुढे शाळेच्या पुस्तकांतून पोरांच्या हाताला वळण लागलं म्हणून. आपल्याकडे 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले तेव्हा असंच झालं असणार. आमची आजी शेवटपर्यंत पत्रात ते टिंब देत असे.

माणूस तसा सोपा नव्हता. हेकट, भांडखोर, स्वतःवर भलताच खूश. पण चिकाटी विलक्षण. पुस्तकाच्या पैशांवर घर चालवत त्यानं वीसहून जास्त भाषा अभ्यासल्या आणि वीसेक वर्षं एकच कोश लिहिला. अर्धगोल टेबलावर कोश मांडून ठेवायचे आणि एकेक शब्द घेऊन टेबलाभोवती फिरायचं, ही त्याची पद्धत. संदर्भांसाठी मुलाला घेऊन पॅरिसला गेला, मग इंग्लंडला. 1825 च्या जानेवारीत केंब्रिजमध्ये शेवटचा शब्द लिहिताना हात इतका थरथरला, की काम पुरं करणंही कठीण झालं. म्हणजे अमेरिकन इंग्रजीचा कोश संपला तो इंग्लंडमध्ये!

शब्दांच्या व्युत्पत्तीत मात्र तो फसला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं विल्यम जोन्सनं कोलकात्यात 1786 मध्येच मांडलं होतं. वेब्स्टर बायबलमधल्या एका मूळ भाषेला धरून बसला. त्याच्या मागे ती व्युत्पत्ती काढून टाकावी लागली.

1828 मध्ये कोश आला. दोन खंड, सत्तर हजार शब्द, त्यात 'स्कंक' आणि 'स्क्वॉश' यांसारखे इथल्या मातीतले शब्दही. किंमत वीस डॉलर. छापल्या फक्त 2,500 प्रती, त्याही रेंगाळत खपल्या. दुसऱ्या आवृत्तीसाठी म्हाताऱ्यानं राहतं घर गहाण ठेवलं. 1843 मध्ये तो गेला. मग मेरियम बंधूंनी हक्क घेतले आणि नाव झालं, पैसाही.

न्यू हेवनमधलं त्याचं घर पुढे येलकडे आलं. 1936 च्या सुमारास ते पाडणार होते. हेन्री फोर्डनं ते उचलून डिअरबॉर्नच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये आणलं, आमच्यापासून अर्ध्या तासावर. बाबांना घेऊन गेलो. अभ्यासाच्या खोलीपाशी मी त्यांना शेत गहाण टाकल्याचं सांगितलं. बाबांनी माझ्या इंजिनिअरिंगसाठी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं. ते फिटेस्तोवर स्वतःची स्कूटर घेतली नव्हती.

"आणि त्याच येलनं घर पाडायला काढलं?" एवढंच ते म्हणाले, आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

घरी आल्यावर त्यांनी नातीची वही मागितली. लाल गोल खोडरबरानं निघत नव्हता. त्यांनी शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'बरोबर', मराठीत.