परळच्या केईएमचे डॉ. पी. के. सेन : हृदयाला हात घालणारा सर्जन

सिंधुदुर्ग : मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात कुणाला बायपास सांगितली, की घरात पहिला प्रश्न येतो, मुंबईला न्यायचं का? अनेकांच्या तोंडी लगेच परळच्या केईएमचं नाव येतं. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्यांसाठी हे महापालिकेचं हॉस्पिटल म्हणजे घराजवळचा आधार होता. १९२६ साली सुरू झालेल्या याच हॉस्पिटलात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं.

धडधडत्या हृदयात बोट

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ चा. घराणं बंगाली, पण आयुष्यभराचं काम मुंबईत. केईएमला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते शिकले, अमेरिकेत जाऊन पुढचं प्रशिक्षण घेतलं आणि परत येऊन याच ठिकाणी सर्जरीचे प्राध्यापक झाले.

त्या काळी हृदयाला सुरी लावायची नाही, असाच समज होता. पण वॉर्डात तरुण पेशंट धापा टाकत यायचे. लहानपणी घसा दुखून ताप यायचा, सांधे सुजायचे आणि पुढे हृदयाची झडप आकसायची. गरिबाघरी हा आजार जास्त. १९५० च्या दशकात डॉ. सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पेशंटवर ऑपरेशनं सुरू केली. छाती उघडायची, चालू हृदयात बोट घालायचं आणि चिकटलेली झडप अंदाजाने मोकळी करायची. डोळ्यांना काही दिसायचं नाही, सगळा भरवसा बोटावर.

मशीन आली, नवी अडचण आली

आत बघून काम करायचं, तर हृदय थांबवायला हवं. अमेरिकेत डॉ. जॉन गिबन यांनी १९५३ साली हार्ट-लंग मशीन वापरून यशस्वी ऑपरेशन केलं. ही मशीन शरीरातलं रक्त बाहेर घेते, त्यात ऑक्सिजन भरते आणि परत शरीरात सोडते. पुढे भारतातही ही पद्धत आली आणि बायपासचा रस्ता खुला झाला.

पण मशीनची एक किंमत असते. कालवाची शिंप पायाला लागली की ती जागा लाल होते, सुजते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, ती ही सूज. रक्त मशीनच्या नळ्यांतून फिरतं तेव्हा परक्या वस्तूचा स्पर्श जखमेसारखाच लागतो. पांढऱ्या पेशी एकाच वेळी सगळीकडे खवळतात, फुफ्फुसाच्या बारीक नसांत अडकतात आणि चांगल्या भागालाही इजा करतात. ऑपरेशन नीट होऊनही काही पेशंटना श्वासाचा त्रास होतो, त्यामागे हे एक कारण असतं.

यावर उपाय म्हणून पुढे पांढऱ्या पेशी अडवणारे फिल्टर निघाले. मशीनच्या नळीत बारीक धाग्यांची जाळी बसवतात, चहाच्या गाळणीसारखी. काही पाहण्यांत त्यामुळे फुफ्फुसाची सूज कमी दिसली, पण जीव वाचण्याचं प्रमाण वाढतं, असं पक्कं ठरलेलं नाही. म्हणून प्रत्येक ऑपरेशनात फिल्टर वापरत नाहीत. नळ्यांना आतून खास लेप देणं किंवा मशीन न लावता चालू हृदयावरच बायपास करणं, हेही मार्ग आहेत.

सापाच्या हृदयावरून सुचलं

डॉ. सेन यांचं डोकं सतत नव्या वाटा शोधायचं. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला आतल्या कप्प्यातूनच थेट रक्त मिळतं. मग माणसाच्या हृदयात सुईने बारीक छिद्रं पाडली तर? १९६५ साली त्यांच्या गटाने हा प्रयोग जगापुढे मांडला. त्या वेळी बायपास अजून रुळली नव्हती. छिद्रं पुढे बुजतात असं दिसलं, तरी नंतर परदेशात लेसरने हाच विचार पुन्हा तपासला गेला.

१६ फेब्रुवारी १९६८

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. डॉ. सेन यांची टीम कुत्र्यांवर कित्येक वर्षं हाच सराव करत होती. अडीच महिन्यांत केईएममध्ये तो दिवस आला. रेल्वेतून पडून डोक्याला जबर मार लागलेल्या एका तरुणीचं हृदय २७ वर्षांच्या शेतकऱ्याला बसवलं. ते धडधडू लागलं. पण पेशंटच्या फुफ्फुसातल्या नसांचा दाब आधीपासून फार वाढलेला होता. नव्या हृदयाला तो पेलवला नाही आणि सुमारे तीन तासांत पेशंट गेला.

डॉ. सेन हे काम करणारे जगातले चौथे सर्जन ठरले, भारत तिसरा देश. त्याच वर्षी त्यांनी दुसरा प्रयत्न केला, पण तो पेशंटही काही तासच जगला. त्यानंतर हे काम थांबलं. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस गेला, असं मानणारा कायदा तेव्हा देशात नव्हता. तो १९९४ साली झाला आणि त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये प्रत्यारोपण यशस्वी झालं.

१९६९ साली सरकारने डॉ. सेन यांना पद्मभूषण दिलं. चित्रं काढणारे, कविता करणारे हे सर्जन १९८२ साली गेले. यशस्वी प्रत्यारोपण त्यांना बघायला मिळालं नाही. पण नव्या हृदयाआधी फुफ्फुसाचा दाब मोजायला हवा, हे त्या तीन तासांनीही दाखवून दिलं. आज प्रत्यारोपणाआधी ही तपासणी होतेच.

बायपास ठरली असेल तर घरच्यांनी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावं, मशीन लावणार की नाही, फुफ्फुसं कशी आहेत? घरी आल्यावर ताप, धाप किंवा जखमेला लाली दिसली तर घरगुती औषधावर थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.