अण्णासाहेब किर्लोस्कर आणि पदावरची ‘चाल’

बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगावच्या परिसरातील गुर्लहोसूर येथे झाला. विष्णुदास भावे यांच्या ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग सांगलीत झाला तोही याच वर्षी. हा योगायोग वाङ्मयेतिहासकारांना विशेष प्रिय असला तरी त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. किर्लोस्करांच्या जडणघडणीच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण ठरतो तो हा सीमाप्रदेश. तेथे मराठी कीर्तनातील साक्या-दिंड्या, कानडी पदे आणि ‘श्रीकृष्णपारिजाता’सारखे गेय खेळ एकाच कानावर पडत. हा कान त्यांना आयुष्यभर पुरला.

शिक्षणासाठी ते पुण्यास आले. परंतु नाटकमंडळ्यांसाठी पदे रचून देण्याचा नाद लागल्यावर अभ्यास मागे पडला. पुढे बेळगावात शिक्षकाची आणि मग पोलीस खात्यातील नोकरी झाली. गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावचे विद्यार्थी. १८७३ मधील ‘शांकरदिग्विजय’ हे त्यांचे नाटक गद्य आहे, ही गोष्ट सहसा विसरली जाते. रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीतील नोकरीमुळे ते पुन्हा पुण्यास आले. तेथे एका पारशी मंडळीने केलेला ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहून त्यांना संगीत नाटकाची कल्पना सुचली, असे परंपरेने सांगितले जाते. पात्रांच्या तोंडी पदे घालण्याचा प्रयत्न सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनी १८७९ मध्ये ‘नल-दमयंती’त केला होता, हेही येथे नोंदविले पाहिजे. अग्रपूजेचा मान मात्र लोकांनी किर्लोस्करांना दिला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. सूत्रधार स्वतः किर्लोस्करच होते.

‘शाकुंतला’तील आणि विशेषतः ‘सौभद्रा’तील पदांच्या चाली बहुतांशी उसन्या आहेत. कानडी पदे, लावण्या, बायकांची गाणी, कीर्तनातील चाली, हिंदुस्थानी चिजा या सर्वांकडून किर्लोस्करांनी मोकळेपणाने घेतले, आणि ते झाकून ठेवले नाही. छापील प्रतीत पदाच्या डोक्यावर चालीचा उल्लेख असतो: ज्या गाण्यावरून पद बेतले त्या गाण्याची खूण. आजच्या वाचकाला ही ओळ गायक-नटांसाठी दिलेली तांत्रिक सूचना वाटते व तो ती ओलांडून पुढे जातो. वास्तविक ती कर्जाची उघड नोंद आहे. या नोंदीवरून किर्लोस्करांच्या प्रतिभेला उणेपणा देणारे एक मत अधूनमधून डोके वर काढते. चाल परक्याची, कथानक महाभारतातले किंवा कालिदासाचे. मग कवीचे स्वतःचे ते काय, असा त्या मताचा रोख.

हा आक्षेप पद आणि चाल यांना वेगळे काढून घेतलेला आहे. भाव्यांच्या नाटकात पद म्हणण्याचे काम सूत्रधाराचे. पात्र गाऊ लागले की ते पद त्या पात्राचे बोलणे होऊन बसते. बोलणे पहिल्याच ऐकण्यात कळले पाहिजे. ओळखीची चाल हे काम निम्मे करून ठेवते: कान स्वरांत अडकत नाही, शब्दाकडे मोकळा राहतो. ‘सौभद्रा’तील रुसवे-फुगवे, थट्टा, कृष्णाचा कावा हे सारे मराठी घरातले वाटते, त्याचे बरेचसे श्रेय या परिचित चालींना द्यावे लागेल. शिवाय साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत यांसारख्या रचना त्यांनी गाणे आणि बोलणे यांच्या मधल्या जागेसाठी राखून ठेवल्या. कोणत्या प्रसंगी ताना-आलापांना वाव असलेले पद आणि कोणत्या ठिकाणी नुसती साकी, ही निवड नाटककाराची आहे. तेथे कोणाचे ऋण नाही.

१८ नोव्हेंबर १८८२ रोजी ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आले, संपूर्ण नाटक मार्च १८८३ मध्ये. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि त्याच वर्षी बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर अशी गळ्याची माणसे हाताशी होती. भाऊरावांचा उंच, धारदार आवाज लाभल्यावर घरगुती चालींचेही रूप पालटले असणार. लिखित संहितेत त्याचा माग लागत नाही.

पुढच्या पिढीने देवघेवीची दिशा बदलली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनया’त (१८९६) पारशी-उर्दू रंगभूमीवरील चाली आणल्या. उसनवारी तीच, हेतू मात्र नेमका उलटा: प्रेक्षकाला चाल ओळखीची नको, नवी हवी. नावीन्य मिळाले, शब्द मात्र बऱ्याच ठिकाणी चालीमागे फरफटत गेले. देवलांनी ‘शारदे’त (१८९९) गुरूचा मार्ग पुष्कळ अंशी राखला. ‘मानापमाना’पासून (१९११) चाली देणारा संगीतकार स्वतंत्रपणे पुढे आला, आणि पदरचनाकाराने आपल्या कानावर विसंबण्याचे दिवस सरले.

‘रामराज्यवियोग’ १८८४ मध्ये रंगभूमीवर आले ते तीन अंकांपुरतेच. २ नोव्हेंबर १८८५ रोजी किर्लोस्करांचे गुर्लहोसूर येथे निधन झाले, तेव्हा ते अवघे बेचाळीस वर्षांचे होते. त्यांनी ज्या गाण्यांवरून चाली घेतल्या त्यांपैकी अनेक गाणी आज कोणाला येत नाहीत. पदाच्या डोक्यावरच्या त्या अर्ध्या ओळीपुरतीच ती उरली आहेत. आणि नंतरच्या नाटकांच्या पदांवर चाल म्हणून खूण दिलेली आढळते ती किर्लोस्करांच्या पदांची.