उपेक्षेचा रोध भेदणारा ओहम

चर्चगेट-विरार लोकलचा वीजपुरवठा २०१२ मध्ये १,५०० व्होल्ट डीसीवरून २५,००० व्होल्ट एसीवर गेला. दाब वाढला की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेच्या रोधात उष्णतारूपाने वाया जाणारी वीज घटते.

दाब, प्रवाह व रोध यांचे नाते मांडणारे जॉर्ज सायमन ओहम १७८९ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे कुलपे बनविणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मले. कोलोनच्या शाळेत शिकवीत असताना त्यांनी तारांवर प्रयोग केले. १८२७ च्या त्यांच्या ग्रंथाची मायदेशी उपेक्षा झाली. व्यथित होऊन त्यांनी नोकरी सोडली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ली पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ मध्ये लाभले. दोनच वर्षांनी ते निवर्तले. रोधाचे एकक आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते.