वीटभट्टीवाल्याचा मुलगा आणि ठिसूळ तार

हाइके कॅमरलिंग ओन्नेस यांचा जन्म १८५३ सालचा, नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा. वडिलांची वीटभट्टी होती. मुलाने मात्र आयुष्य थंडीच्या अभ्यासाला दिले. लायडन विद्यापीठात १९०८ मध्ये त्यांनी जगात प्रथमच हेलियम वायू द्रवरूप केला. १९११ मध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झालेला त्यांना दिसला. हीच अतिवाहकता, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी. १९१३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

अशा तारेच्या वेटोळ्यापासून प्रचंड ताकदीचा चुंबक बनवायचा, हे त्यांचे स्वप्न. पण शिशाची तार थोड्याशा चुंबकीय क्षेत्रातच हा गुण गमावून बसे. १९२६ मध्ये ते वारले, तेव्हा स्वप्न अपुरेच होते.

१९८६ मध्ये बेडनॉर्ट्झ आणि म्युलर यांना सिरॅमिक अतिवाहक सापडला. असे पदार्थ कितीतरी जास्त चुंबकीय क्षेत्र सोसतात. पण स्वभाव विटेचाच! वाकवले की तडकतात. म्हणून त्यांत चांदी मिसळतात. मऊ चांदी कणांमधल्या पोकळ्या भरते, तडा पुढे सरकू देत नाही आणि अतिवाहकताही बिघडवत नाही. ओन्नेस यांना हवी होती तशी दणकट तार अशा जोडीतूनही घडते आहे.