पंडित म्हाइंभट आणि विद्येचे ऋण

बुद्धी सर्वांस सारखी लाभत नाही. एकाच घरातील दोन भावांपैकी एकाला एकदा ऐकलेले आयुष्यभर आठवते आणि दुसऱ्याला दहादा सांगूनही उमगत नाही, हे आपण नित्य पाहतो. ज्याला अधिक लाभले, तो इतरांचे काही देणे लागतो काय? व्यवहारी मनुष्य म्हणतो, रात्री जागून विद्या मी मिळविली, तिचे फळही माझेच. परमार्थी पुरुषाची अडचण याहून सूक्ष्म आहे. स्वदेश, स्वग्राम आणि स्वजन यांचा संबंध सोडावा, एकांती राहावे, भिक्षा करावी, नित्य अटन करावे आणि ईश्वरस्मरणात काळ घालवावा, असा आचार सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी सांगितला. मग अशा विरक्ताने लोकांसाठी लेखणी का धरावी? लोकांची चिंता वाहणे हा त्यालाही एक नवा संबंधच होणार नाही काय?

या प्रश्नाचा विचार केवळ तर्काने करण्यापेक्षा ज्या पुरुषाच्या आयुष्यात तो प्रत्यक्ष उभा राहिला, त्याचे चरित्र पाहणे अधिक उपयोगाचे होईल. असे चरित्र पंडित म्हाइंभटांचे आहे.

म्हाइंभट हे सराळे या गावचे. घर सधन, बुद्धी तीक्ष्ण आणि शास्त्रांचा अभ्यास सखोल. गणपती आपयो हे त्यांचे विद्यागुरू. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. विद्वत्तेला राजाश्रय होता, पंडितांच्या सभा भरत, वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करणारा मोठा ठरे. शास्त्रे संस्कृतात होती आणि ती ज्यांना अवगत नव्हती, त्या शेतकरी, कारागीर आणि स्त्रिया यांच्यापर्यंत त्यांतील विचार पोहोचविण्याची निकड त्या सभांना भासत नव्हती. अशा वातावरणात म्हाइंभटांची विद्या वाढली. तिचा उपयोग एकच होता : दुसऱ्याचे मत खोडून काढणे. विद्या अशी वापरली गेली की ती कोणाच्याही पोटी पडत नाही. हरलेल्याच्या मनात सल राहतो आणि जिंकलेल्याच्या मनात ताठा.

स्वामींची कीर्ती ऐकून म्हाइंभट त्यांच्या भेटीस गेले, ते शिष्य होण्याच्या इच्छेने नव्हे. वादाचीच उमेद धरून गेले होते. गोदातीरावरील डोमेग्रामी ही भेट झाली. वादासाठी आलेल्या पंडिताचा वाद तेथेच सरला. आपण जे जाणतो ते शब्दांचे ज्ञान आहे आणि ज्याने जीवाची सुटका व्हावी ते आपल्याजवळ नाही, ही जाणीव त्यांना झाली. अशी जाणीव अज्ञान्याला झाली तर नवल नाही. तो रिकामाच असतो. जो भरलेला आहे, त्याने आपले भांडे स्वहस्ते उपडे करणे कठीण. म्हाइंभटांनी ते केले. पुढे त्यांच्या विद्येचे जे सोने झाले, त्याचे मूळ या उपडे करण्यात आहे, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामी उत्तरापंथे निघून गेले. शिष्यपरिवार पोरका झाला. आचार्य श्रीनागदेव, ज्यांना आपण भटोबास म्हणतो, हे या परिवारासह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले. वियोगाचे दुःख निवारण्याचा त्यांना एकच उपाय होता : स्वामींच्या एकेका लीळेचे स्मरण. स्वामी कोठे बसले, कोणाशी काय बोलले, कोणत्या प्रसंगी हसले, हे आठवीत आचार्यांचा दिवस जाई. परंपरा सांगते की हे पाहून म्हाइंभटांच्या मनात एक विचार आला. आज ज्यांनी स्वामींना डोळ्यांनी पाहिले ते आहेत. उद्या ते नसतील. मग पुढे या मार्गास जे येतील, त्यांनी कशाचे स्मरण करावे? हा विचार त्यांनी आचार्यांपुढे मांडला, आचार्यांची संमती मिळाली आणि लीळा लिहून ठेवण्याचे कार्य सुरू झाले.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. हे कार्य म्हाइंभटांना कोणी सांगितले नव्हते. त्यांनी ते न करता एकांतात स्मरण केले असते, तर आचाराच्या दृष्टीने त्यांना कोणी उणे म्हटले नसते. मग हे कर्तव्य कोठून उत्पन्न झाले? केवळ त्यांच्या बुद्धिमत्तेतून झाले म्हणावे, तर ती बुद्धी सराळ्यातही होतीच आणि तेव्हा तिने त्यांना कसलेच कर्तव्य सुचविले नव्हते. तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते उत्पन्न झाले. पहिली, आपल्याला जे मिळाले ते आपल्या कमाईचे नाही, कृपेने मिळाले, ही जाणीव. दुसरी, पुढील जीवांची गरज डोळ्यांपुढे स्पष्ट दिसणे. तिसरी, ती गरज भागविण्याचे साधन, म्हणजे शोधक दृष्टी, लेखनाचा अभ्यास आणि चिकाटी, आपल्या हाती असणे व वेळ निघून जात असणे. तहानलेला समोर असावा, आपल्या हाती दोर आणि घागर असावी, आणि तरी आपण आपल्या ध्यानात डोळे मिटून बसावे, तर त्या ध्यानाला ध्यान कसे म्हणावे? केवळ शक्तीने मनुष्य ऋणी होत नाही. मिळालेले आणि दिसलेले या दोहोंनी तो ऋणी होतो.

कार्य मात्र सोपे नव्हते. म्हाइंभटांनी कल्पनेने काही रचले नाही. ज्या ज्या भक्तांना स्वामींचे सन्निधान घडले होते, त्यांच्या त्यांच्याकडून त्यांनी आठवणी मिळविल्या. आचार्यांकडून त्या तपासून घेतल्या. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी भिन्न निघाल्या, तर एक दडपून दुसरी पुढे करण्याचा मोह त्यांनी आवरला. लीळांमध्ये शोधु आणि वासना या संज्ञांखाली जे भिन्न पाठ आपण वाचतो, ते या सावधपणाचीच परंपरा चालवितात. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा भागांत हे चरित्र सिद्ध झाले. परंपरेने त्याचा काळ इ. स. १२७८ च्या सुमाराचा मानला आहे. काही अभ्यासक तो थोडा अलीकडे आणतात. ऋद्धिपुरातील वाजेश्वरी हे त्याचे लेखनस्थान. गोविंदप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्याही लीळा म्हाइंभटांनीच संकलित केल्या.

साक्षी देणारे कोण होते, हेही पाहावे. त्यांत पंडित थोडे आणि साधी माणसे पुष्कळ. त्यांत स्त्रियांचे स्थान मोठे होते. महदाइसांसारखी चिकित्सक आणि धवळे रचणारी कवयित्री त्यांत होती. तशाच ज्यांना शास्त्राचा गंधही नव्हता अशा वृद्धाही होत्या. जो पंडित एके काळी सभेत प्रतिपक्षाला बोलू देत नसे, तो आता साध्या भक्तांपुढे हात जोडून बसला आणि त्यांची एकेक आठवण ऐकू लागला. विद्यावंताने इतरांना साहाय्य करावे असे आपण म्हणतो, तेव्हा तो वर बसला आहे आणि खालच्यांना काही देतो आहे, असे चित्र आपल्या मनात असते. म्हाइंभटांच्या चरित्रात हे चित्र उलटे होते. ठेवा साध्या माणसांपाशी होता. पंडिताजवळ तो जपून ठेवण्याचे कौशल्य तेवढे होते. दोघांपैकी एक नसता तर दुसऱ्याचे व्यर्थ गेले असते.

लेखनासाठी त्यांनी मराठी भाषा निवडली, हेही सहज घडलेले नाही. संस्कृतात लिहिले असते तर पंडितसभेत मान मिळाला असता. या ठिकाणी त्यांचे समकालीन केशिराजबास यांचा प्रसंग आठवतो. केशिराजबास संस्कृतचे थोर पंडित. रत्नमालास्तोत्र ही त्यांची संस्कृत रचना. असेच आणखी शास्त्रही संस्कृतात बांधावे, असा त्यांचा मानस होता. भटोबासांनी त्यांना थांबविले. कारण तसे केल्याने मार्गातील म्हाताऱ्या वंचित झाल्या असत्या. केशिराजबासांनी आज्ञा शिरोधार्य मानली. लीळांतील स्वामींची वचने निवडून त्यांनी सूत्रपाठ सिद्ध केला आणि ११४ दृष्टांतांचा दृष्टांतपाठ आपल्याला दिला. संस्कृतात त्यांच्या बुद्धीचे तेज कदाचित अधिक दिसले असते. पण घेणाऱ्याला घेता येईल अशा रूपात दिले तरच ते दान होते. मोठ्या नाण्याची मोड देता येत नाही म्हणून ते भुकेल्यापुढे नुसते वाजवून दाखविणे, याला दातृत्व म्हणत नाहीत.

म्हाइंभटांच्या पोथीचे पुढे काय झाले, तेही या विचाराला पूरक आहे. खल्जींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी हरपली, असे परंपरा सांगते. पण तोवर लीळा अनेकांच्या मुखी झाल्या होत्या. हिराइसांसारख्या तीव्र स्मरणशक्तीच्या भक्तांच्या पाठांवरून त्या पुन्हा जुळविण्यात आल्या. म्हणूनच आज निरनिराळे पाठ आढळतात. म्हाइंभटांनी हा ठेवा केवळ विद्वानांच्या पेटीत ठेवला असता, तर पेटीबरोबर तोही गेला असता. सर्वांना दिला, म्हणून तो उरला. पुढील काळी मात्र परचक्र, उपहास आणि पाठ बिघडण्याचे भय यांमुळे पोथ्या सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद झाल्या. त्या काळची ती गरज होती, हे मान्य केले तरी त्याची किंमतही मोजावी लागली, हे मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ज्या म्हाताऱ्यांसाठी मराठी निवडली, त्यांच्या लेकीसुनांना ती अक्षरे शतकानुशतके अपरिचित राहिली आणि बाहेरच्या समाजात गैरसमज वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी या लिप्यांचा उलगडा झाला, तेव्हा मराठी गद्याचा एवढा जुना आणि एवढा जिवंत ग्रंथ आपल्या घरात होता, हे महाराष्ट्राला कळले. आज ऋद्धिपुरी मराठी भाषेचे विद्यापीठ उभे आहे आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. त्या मानाच्या पायात म्हाइंभटांच्या लेखणीचा दगड आहे.

आता मूळ शंकेकडे वळू. लोकांसाठी श्रम करताना म्हाइंभट स्मरणापासून ढळले काय? ढळले नाहीत. त्यांचे लेखन हेच स्मरण होते. लीळा शोधताना जे चालणे घडले ते अटन झाले. साक्षी शोधताना जो मान सोडावा लागला ते वैराग्य झाले. यावरून एक मर्यादाही हाती येते. परोपकाराच्या नावाखाली मोठेपणा मिळविणे, अनुयायी जमविणे, लोकांच्या कारभारात गुंतणे, हा नवा संबंधच होय आणि त्याचा निषेध योग्यच आहे. ज्या साहाय्यात देणारा हळूहळू पुसला जातो, तेच साहाय्य परमार्थाला बाधत नाही. म्हाइंभटांचे स्वतःचे चरित्र आपल्याला किती थोडे ठाऊक आहे! स्वामींच्या लहानसहान हालचाली टिपणाऱ्या या पुरुषाने स्वतःविषयी फारसे काही सांगितले नाही. आपण किती दिले हे मोजण्याचे माप त्याने ठेवलेच नाही.

हा विचार पोथीतच राहू नये. मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर किनवट तालुक्यातील इस्लापूर हे गाव आहे. जवळच पैनगंगेवरील सहस्रकुंडाचा धबधबा. आणि याच तालुक्याला लागून श्रीदत्तात्रेयप्रभूंचे माहूर. याच माहुरी श्रीचक्रपाणी प्रभूंनी श्रीदत्तात्रेयप्रभूंपासून शक्तीचा स्वीकार केला. त्यांच्यापासून द्वारावतीस श्रीगोविंदप्रभूंनी आणि त्यांच्यापासून ऋद्धिपुरी आमच्या स्वामींनी. जे आले ते पुढे गेले. कोठेही अडून राहिले नाही. अवतारांचे कार्य जीवाने करावयाचे नसते. पण अडवून ठेवू नये एवढा बोध त्यातून जीवाला घेता येतो.

या परिसरातील घरांत मराठीबरोबर तेलुगू, गोंडी आणि बंजारा बोलीही बोलली जाते. येथील हुशार मूल शिकावयास निघते ते नांदेडला, हैदराबादला, पुण्याला जाते. आणि पुष्कळदा तिकडचेच होते. त्याने परत येऊन गावातच राहिले पाहिजे, असा हट्ट या चरित्रातून निघत नाही.  पण त्या मुलाला जंगलकाठच्या शाळेतील ज्या शिक्षकाने पहिले अक्षर दिले, ज्या आईने मजुरीच्या पैशांतून वही घेतली, त्यांच्यासारख्यांना त्याच्या विद्येचा काही अंश त्यांच्या भाषेत मिळतो की नाही, हे त्याने स्वतःला विचारावे. वैद्याने आजाराचे कारण गोंडी म्हातारीला कळेल अशा शब्दांत सांगणे, कायदा जाणणाऱ्याने जमिनीचा कागद शेतकऱ्यास वाचून दाखविणे, शास्त्र जाणणाऱ्या साधूने सूत्राचा अर्थ न लपविता, न फुगविता वासनिकांपुढे मांडणे, हे सारे म्हाइंभटांच्या वाटेवरचेच आहे. आणि असे करताना समोरच्यापाशीही काही ठेवा असेल, या भावनेने त्याचे ऐकून घेणे हा त्या वाटेचा अर्धा भाग आहे.

हे ऋण कोणी वसूल करू शकत नाही. मागणाऱ्याने दरडावून मागितले तर ते खंडणी होईल. म्हाइंभटांना कोणी मागितले नव्हते. त्यांनी स्वतः आचार्यांपुढे जाऊन ते आपल्या माथी घेतले. ज्याला अधिक लाभले आहे, त्याचे अधिकपण या आपण होऊन पुढे जाण्यातच ओळखू येते.

दंडवत प्रणाम.