नागसेनवन उभारणारे बाबासाहेब

विहाराच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी आम्हांला बाबासाहेबांवर चार ओळी लिहायला सांगितल्या. आम्ही गिरणी कामगार. कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर. म्हणून कॉलेज काढणाऱ्या बाबासाहेबांविषयीच लिहितो.

14 एप्रिल 1891 रोजी महूला जन्मलेले बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसले. तेच 1913 साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अमेरिकेतला काळा माणूस 1865 पर्यंत गुलाम होता. त्याच्यासाठी ख्रिस्ती मिशनऱ्यांनी 1866 साली दक्षिणेतल्या नॅशव्हिल शहरात लष्कराच्या जुन्या इस्पितळात शाळा काढली. तेच पुढे फिस्क विद्यापीठ झालं. तिथे शिकलेल्या डॉ. डुबॉइस यांना बाबासाहेबांनी 1946 साली पत्र लिहिलं आणि काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. दोघांचं दुखणं एकच होतं.

8 जुलै 1945 रोजी बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं. मग त्यांची नजर आपल्या शेजारच्या मराठवाड्याकडे गेली. 1948 पर्यंत तिथे निजामाची राजवट. उच्च शिक्षणाची सोय फारच थोडी. कायदामंत्रिपद, घटनेचं काम, त्यात तब्येत खालावलेली, तरी 1950 साली औरंगाबादेत (आताचं छत्रपती संभाजीनगर) कॉलेज सुरू झालं. 1 सप्टेंबर 1951 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसली. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आणि उत्तर देणारे भदन्त नागसेन, म्हणून कॉलेज मिलिंद आणि परिसर नागसेनवन. वसतिगृहं झाली, खेड्यातली पोरं तिथे राहून शिकली.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. कॉलेज मात्र मागे राहिलं.

1960 साली नॅशव्हिलमध्ये फिस्क आणि इतर कॉलेजांची पोरं गोऱ्यांपुरत्या राखलेल्या खाणावळीत जाऊन बसली. मार खाल्ला, तुरुंगात गेली, पण बंदी उठवलीच. इकडे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात 1978 साली झाला, तेव्हा आपल्या वस्त्या जळाल्या. नागसेनवनात शिकलेली पोरं लढ्यात उतरली. 14 जानेवारी 1994 रोजी नामविस्तार झाला. शिकलेल्या पोरांपुढे शहराला नमावं लागतं, हे दोन्हीकडे दिसलं.

बंधूभगिनींनो, नागापूरच्या घराघरातलं पोर, त्यातही पोरगी, दहावीनंतर थांबू देऊ नका. विहारात सायंकाळी वंदना होते, तशी अभ्यासिकाही भरली पाहिजे. नुसता हार घालून बाबासाहेबांचं ऋण फिटायचं नाही.

जय भीम!