लोहाराचा मुलगा : मायकेल फॅरेडे

विद्यार्थी मित्रहो, विजेच्या धड्यात तुम्ही मायकेल फॅरेडे यांचे नाव वाचले असेल. पदार्थ आपली अवस्था कशी बदलतो, या प्रश्नावरही त्यांनी मोलाचे काम केले आहे.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ एका लोहाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडील आजारी, घरात ओढाताण. लिहिणे-वाचणे आणि थोडे अंकगणित एवढेच शिक्षण मिळाले. तेराव्या वर्षी ते एका पुस्तकविक्रेत्याकडे कामाला लागले आणि तेथेच बुकबाइंडिंग शिकले. बांधणीसाठी आलेली पुस्तके ते वाचून काढीत. १८१२ साली सर हम्फ्री डेव्ही यांची चार व्याख्याने ऐकून त्यांनी टिपणे काढली, ती स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठविली. १८१३ मध्ये त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनीसाची जागा मिळाली.

बर्फ, पाणी आणि वाफ यांचे कण एकच, हे तुम्ही शिकला आहात. घनात कण एकमेकांना धरून जागच्या जागी थरथरतात, द्रवात एकमेकांवरून सरकतात, वायूत सुटे होऊन धावतात. कण बदलत नाही. बदलते त्याची मोकळीक. मग वायूचे कण दाबून जवळ आणले तर? १८२३ साली फॅरेडे यांनी क्लोरीन आणि पाणी यांचे स्फटिक काचेच्या बंद नळीत तापविले. सुटलेल्या वायूला पसरायला जागा उरली नाही आणि नळीत पिवळा तेलकट द्रव जमला. तो द्रवरूप क्लोरीन होता! अशा प्रयोगांत नळ्या फुटत. एकदा काचेचे तुकडे डोळ्यांत गेले. सुदैवाने दृष्टी वाचली.

१८४५ मध्ये त्यांनी दाबाला कडक थंडीची जोड दिली आणि शून्याखाली ११० अंशांपर्यंत मजल मारली. अनेक वायू द्रवरूप झाले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन मात्र बधले नाहीत. लोक त्यांना स्थायी वायू म्हणू लागले. वास्तविक ऑक्सिजन शून्याखाली सुमारे ११८ अंशांपर्यंत थंड झाल्याखेरीज कितीही दाबला तरी त्याचा द्रव होत नाही, कारण तोवर कणांची धाव त्यांच्या परस्पर ओढीला जुमानत नाही. अवघे आठ अंश कमी पडले होते! १८७७ मध्ये ऑक्सिजन द्रवरूप झाला. १८९८ मध्ये फॅरेडे यांच्याच संस्थेत जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजनही द्रवरूप केला.

पालकहो, येथे क्षणभर थांबा. दोष त्या वायूंचा नव्हता. त्यांना हवी ती परिस्थिती मिळाली नव्हती. मुलाला एका नापास निकालावरून ‘ढ’ ठरवून कामाला लावताना, हुशार मुलीला सातवीनंतर घरी बसविताना, आपणही असाच शिक्का मारीत नाही ना? कदाचित आठच अंश कमी पडत असतील: एखादी शिकवणी, एखादे पुस्तक, अभ्यासाला एक शांत कोपरा.

फॅरेडे धर्मनिष्ठ होते आणि साधे राहिले. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्यांनी नाकारले; मुलांसाठी नाताळातील व्याख्याने मात्र आवडीने दिली. शेवटची मालिका साध्या मेणबत्तीवर होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आज वडीलधाऱ्यांना जवळ बसवून मेणबत्ती लावा. मेण वितळते, वातीतून चढते आणि त्याची वाफ जळते. मेणबत्ती विझवून लगेच त्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावा. ज्योत उडी मारून वातीवर येईल. का, ते स्वतः शोधा. इल्मची वाट अशीच सुरू होते.